एकटेपणाला वन्समोर

बेळगावात एकटं राहणं सोपं काम नाही. घरासमोरच्या कट्ट्यावर हनुवटीला हात लावून नुसतं बसून बघा. दोन मिनिटांत जाणारा-येणारा कुणीतरी थांबतोच.

"काय रे, काय करूलालास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? घरात भांडलास काय?"

नाही म्हटलं की पोट बिघडलंय असं ठरतं. मग ओवा की हिंग यावर चर्चा सुरू होते. समोरच्या काकू खिडकीतूनच निकाल देतात, "ओवा नको, हिंग लावा की बेंबीला." तोवर कट्ट्यावर चौघं टेकलेले असतात आणि तुमची उदासी कधीच उठून गेलेली असते. निपाणीत कारभार याहून झटपट. तिथं माणूस एकटा दिसला की लोक त्याला थेट चहाला नेतात. पैसे द्यायच्या वेळी मात्र तो खरोखरच एकटा उरतो.

आणि याच मुलखात विरहाची, एकटेपणाची, 'मला या जगात कुणी नाही' छापाची गाणी तुफान चालतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथं घरटी एकजण खिडकीशी बसून पाऊस बघतोय. पाऊस आहे, भरपूर आहे. खिडकीही आहे. पण खिडकीशी जागा नाही, कारण तिथं आधीच तिघं बसलेत. ही गाणी आणि ती ऐकणारी माणसं बघून माझं एक मत पक्कं झालंय. आमच्याकडं एकटेपणाचं गाणं एकट्यानं ऐकायचं नसतंच. ते चारचौघांत ऐकायचं, चारचौघांत डोळे पुसायचे आणि आवडलं तर परत म्हणायला लावायचं.

रेडिओच्या काळात याचा पुरावा घरबसल्या मिळे. 1950 साली धारवाडचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, 1963 साली सांगलीचं. आम्ही दोन्हींच्या मधे. काटा जरा इकडं सरकवला की मराठी विरह, तिकडं सरकवला की कानडी विरह, आणि मधल्या खरखरीत दोन्ही मिळून. फर्माइशीच्या कार्यक्रमात निवेदिका अतिशय हळव्या आवाजात सांगायची, की आता एका एकाकी जिवाचं मनोगत ऐकू या. आणि मग ते ऐकू इच्छिणाऱ्यांची नावं सुरू व्हायची. दादा, वहिनी, काका, काकू, बंटी, पिंकी, शेजारचे अमुक, समोरचे तमुक, 'आणि समस्त मित्रमंडळ'! एवढा गोतावळा पोस्टकार्डावर मावलेला बघून त्या एकाकी जिवालाही हेवा वाटला असेल.

आमची आत्या अशा वेळी रेडिओचा आवाज मुद्दाम मोठा करायची. भिंतीपलीकडच्या कानडी अक्कांनाही रडता यावं म्हणून. अक्कांना मराठी बेताचं यायचं. पहिलं कडवं झालं की त्या भिंतीपलीकडून विचारायच्या, "काय झालं ओ त्येला? नवरा सोडला काय?" आत्या म्हणायची, "नाही हो अक्का, वाट बघतेय." "अय्यो पाप!" म्हणून अक्का पदर डोळ्यांना लावायच्या. गाणारी बाई, ऐकणारी बाई आणि अर्थ विचारणारी बाई अशा तिघी एका गाण्यात गुंतल्यावर एकटेपणा शिरणार कुठून? या कानडी हेलाच्या मराठीची गोडी ज्यांना बाहेरून समजून घ्यायची आहे त्यांनी पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब वाचावेत. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि रावसाहेब त्यांना इथंच भेटले. भरघोस शिव्या आणि गाण्यावर जीव, अशी ती वल्ली. त्यांना एकटं कल्पून बघा. जमत नाही.

ही खोड मात्र रेडिओपेक्षा फार जुनी आहे, आणि तिचं मूळ आमच्याच जिल्ह्यात आहे असं आम्ही मानतो. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली जन्मले ते गुर्लहोसूरला, बेळगाव जिल्ह्यात. त्यांच्या 'सौभद्रा'त काही पदं कानडी गाण्यांच्या चालींवर बसवलेली आहेत. 1882 सालच्या या नाटकात सुभद्रेची पंचाईत अशी, की मन अर्जुनावर आणि बलरामदादांनी ठरवलाय दुर्योधन. आता आपल्याला कुणी वाली नाही, जावं तरी कुणाकडं, असा तिचा आकांत चालतो. समोर मात्र खच्चून भरलेलं नाटकगृह. सगळे तिचे वाली, आणि पुढच्या रांगेतले तर जादा दराचे वाली. बाईचं दुःख गाऊन संपतं न संपतं तोच पिटातून आरोळी येते, "वन्समोर!" म्हणजे, बाई, तुमचं दुःख आम्हाला मनापासून आवडलं, आता जरा पुन्हा होऊन जाऊ दे. आणि सुभद्राही गुणाची. ती आल्या पावली परत पहिल्या ओळीपासून निराधार होते.

1919 सालच्या 'एकच प्याला'नं यावर कळस चढवला. गडकऱ्यांचं नाटक, वि. सी. गुर्जरांची पदं आणि सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. नवरा दारूत बुडालेला, घरात दाणा नाही, आणि प्रेक्षक म्हणताहेत वन्समोर. दुसऱ्या कुठल्या देशात एखाद्या बाईवर अशी वेळ आली असती तर लोकांनी वर्गणी काढली असती. आपण टाळ्या काढल्या. नवऱ्याला दारूच्या नादी लावणाऱ्या तळीरामाला शिव्या देत, डोळे पुसत, सिंधूला उपाशीपोटी पुन्हा गायला लावलं आणि पहाटे घरी येऊन गरम भात खाल्ला.

नाटकांच्याही मागं गेलं तर संत भेटतात. विरहाच्या बाबतीत त्यांनीही हात आखडता घेतलेला नाही. सीमाभागातल्या माणसाला इथं जरा जास्तीची सोय आहे. त्याला दोन्ही बाजूंच्या विरहिणी कळतात, त्यामुळं तुलनाही करता येते. कानडीत अक्कमहादेवी बाराव्या शतकात आपल्या चन्नमल्लिकार्जुनाला शोधत वनात फिरते आणि पोपटांना विचारते, कोकिळांना विचारते, भुंग्यांना, हंसांना, मोरांना विचारते, तुम्ही त्याला पाहिलंत का? पुढच्याच शतकात ज्ञानेश्वरांची विरहिणी दारात उभी राहते आणि पंढरीरायाच्या येण्याचा शकुन विचारते तो एका कावळ्याला. तिकडं अख्खं पक्षी अभयारण्य, इकडं एक कावळा. मराठी माणसाचा काटकसरी स्वभाव विरहातही सुटलेला नाही. मात्र त्या कावळ्याला ती दहीभाताची उंडी देऊ करते, पाय सोन्यानं मढवून देईन म्हणते. म्हणजे उधारीवर खर्चाची तयारी आहे.

आणि ही विराणी गाणारे कोण? आमच्या खानापूर भागात एकादशीच्या भजनाला जाऊन बघा. झुपकेदार मिशांचे, नांगर धरून हात राठ झालेले बाप्ये मांडी घालून बसलेत, डोळे मिटलेत, आणि सगळे मिळून सांगताहेत की मी एकली विरहिणी कशी झुरतेय. दोन डझन टाळ, पखवाज, पेटी, मागं खोकणारे आजोबा. देवळाबाहेर प्रसादाची आमटी उकळतेय. मधेच एक विरहिणी उठून आमटीत मीठ बरोबर आहे का बघून येते आणि पुन्हा व्याकूळ व्हायला बसते.

खरा एकटेपणा गाण्यात कुणी घातला असेल तर तो बायकांनी, जात्यावर. असं मला बरीच वर्षं वाटायचं. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, बाई आणि जातं. इंदिरा संतांनी जमवलेल्या 'मालनगाथे'च्या ओव्या वाचल्या तर सासुरवासाचं दुःख त्यात पायलीनं आहे. पण बारकाईनं पाहिलं तर तिथंही गर्दी! जात्याला बोलावलंय, सूर्याला बोलावलंय, भावाला दर दुसऱ्या ओवीत हाक आहे, आई तर आहेच, विठ्ठल आणि रुक्मिणी भांडताहेत, आणि सासू तिथं नसूनही सगळ्यात जास्त जागा अडवून बसलीय. शिवाय मोठं जातं एकटीला ओढवत नाही. समोर जाऊ किंवा नणंद लागते. जिच्याबद्दल तक्रार करायची तीच खुंट्याला दुसरा हात लावून बसलेली! पलीकडं विजापूरकडच्या हलसंगीच्या मंडळींनी कानडी बायकांची दळणाची त्रिपदी गाणी 'गरतिय हाडु' या नावानं जमवली. त्यातही तोच भाऊ, तेच माहेर, तीच सासू. सीमावादात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एकमत होईल असा मुद्दा आजवर सापडलेला नाही. सासू हा मुद्दा त्यांनी अजून चर्चेला घेतलेला नाही, म्हणून सुचवलं.

इंदिरा संतांचं नाव घेतलं आणि जरा थांबायला हवं. निपाणीजवळचं तवंदी हे त्यांचं गाव, आणि आयुष्य गेलं ते बेळगावात. पती ना. मा. संत यांच्याबरोबर 1940 साली काढलेल्या कवितासंग्रहाचं नाव होतं 'सहवास'. सहाच वर्षांत संत गेले. पुढं 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' असे संग्रह येत गेले आणि 'गर्भरेशीम'ला 1984 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीत एकटेपणाला इतका हलका, इतका खरा आवाज फार थोड्यांनी दिला. या कवितेला कुणी वन्समोर दिला नाही, कारण ती व्यासपीठावर उभी राहून बोलतच नाही. पण आमचे लोक तिलाही एकटं सोडतील तर शपथ. बेळगावातली शाळेत शिकवणारी कुठलीही काकू गाठा, तिला बाईंच्या चार कविता पाठ असतात, आणि ती त्या तुम्हाला स्वयंपाकघरात उभं करून, कढीला फोडणी देता देता ऐकवते. कविता संपली की म्हणते, "बाईंच्या घरावरून रोज जायचो आम्ही." बस्स. झाला एकटेपणा सार्वजनिक.

याच घरातल्या मुलानं, प्रकाश नारायण संतांनी, पुढं लंपन लिहिला. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणारा पोरगा. त्याचं एकटेपण पानापानांत आहे, तरी वाचताना हसू आवरत नाही. नाव 'वनवास', आणि वनात केवढी वर्दळ! शाळा, गल्ली, आजीची बडबड, मित्र, मैत्रीण, गाण्याचा क्लास. आमच्या गावचा वनवास असाच असतो.

दुःखाच्या बाबतीत या पट्ट्यात दोन भाषांचा उघड व्यापारही चालतो, आणि त्यावर अजून कुणी नाका बसवलेला नाही. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरी मराठी, कविता कानडीत. मूल गेल्यावर बायको ज्या नजरेनं आपल्याकडं बघते ती नजर सोसवत नाही, असं सांगणारी त्यांची कविता उत्तर कर्नाटकात गाऊन गाऊन घराघरांत गेली आहे. उलट बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ घरात कानडी बोलत मोठे झाले, आणि कुमार गंधर्व म्हणून मराठी माणसानं त्यांना असं काही आपलंसं केलं की ते आमचे की तुमचे हा वाद घालायची सोयच ठेवली नाही. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं आणि देवासला काही वर्षं गाणं बंद करून पडून राहावं लागलं. एवढा एकांत मिळाल्यावर दुसरा कुणी भिंतीकडं तोंड करून पडला असता. यांनी बाहेरून येणारी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली आणि बरे झाल्यावर ती आणि निर्गुणी भजनं सगळ्यांना ऐकवली.

विरहाच्या गाण्याचा सगळ्यात जालीम परिणाम मात्र गदगच्या एका पोरावर झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यानं रेकॉर्डवर ऐकली. सख्याविना चैन नाही, असा तिचा भाव. सामान्य माणूस असं गाणं ऐकून उसासा टाकतो. अकरा वर्षांच्या भीमसेन जोशींनी 1933 साली घर टाकलं. स्वतः विरह सोसण्याऐवजी आईवडिलांनाच विरह देऊन मोकळे! विनातिकीट रेल्वेनं ग्वाल्हेर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, आणि गुरू मिळाले कुठं? सवाई गंधर्व, मुक्काम कुंदगोळ, धारवाड जिल्हा. आज त्या गुरूंच्या नावानं पुण्यात भरणाऱ्या महोत्सवात हजारो माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि सख्याविना जिवाची तगमग ऐकतात. ती तगमग ऐकायला सतरंजीवर जागा धरण्यासाठी रुमाल टाकून ठेवतात.

आणि आता आमचं स्वतःचं गाणं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली, शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजानं ती मैदानामैदानांत नेली. पोटासाठी मुंबई गाठलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोसाठी झुरतोय. तिचं रूप, तिचे दागिने, तिची चाल, सगळं ऐकून माणूस पुरता विरघळला की अण्णाभाऊ शेवटाकडं सांगतात, तुकडे पडलेल्या महाराष्ट्राचीही हीच गत, बेळगाव-कारवार दुसऱ्याच्या ताब्यात. म्हणजे मैना कोण? आम्ही! मिशीवाल्या पैलवानांसकट आख्खा जिल्हा विरहिणी. मैदान भरून माणसं हे एकटेपण एकासुरात गायची आणि सभा संपल्यावर घोळक्यानं भजी खायला जायची.

मराठीत इतका लांबलेला विरह दुसरा नसेल. 1956 साली राज्यांची फेररचना होऊन आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. 1960 साली महाराष्ट्र झाला, तो आमच्याविना. 1967 साली महाजन आयोगानं अहवाल दिला, बेळगाव तिकडंच ठेवा, निपाणी इकडं द्या. एका सरकारनं तो मानला, दुसऱ्यानं नाही मानला, आणि गावं होती तिथंच राहिली. 2004 साली खटला सुप्रीम कोर्टात गेला. 2014 साली, लग्नात नवरीचं बदलतात तसं, मैनेचं नावही सरकारी कागदावर बदललं, बेळगावी. मधल्या काळात मैनेला नातवंडं झाली. ती इंग्रजी शाळेत जातात, कानडीचा पेपर देतात आणि घरात मराठीत भांडतात. गल्लीतल्या एका कानडी अण्णांना मी ही छक्कड एकदा ऐकवली. डोळे मिटून, मान डोलवत त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "गाणं भारी हाय की हो. पण मैना आमच्याकडं सुखात हाय म्हणून सांगा त्येनला." त्यावर आमच्यात तासभर कडाडून वाद झाला. मग त्यांच्या घरातून अवलक्की, म्हणजे पोहे, आली.

हल्लीची पोरं ही परंपरा बुडवतील अशी भीती होती. ती व्यर्थ आहे. निपाणी-चिकोडी-हुक्केरी पट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडं निघतात. ड्रायव्हरच्या डोक्यामागं कपाटाएवढे स्पीकर आणि त्यावर कानडी 'जानपद', म्हणजे बहुतेक वेळा मुलगी सोडून गेल्याची कैफियत. पूर्वी प्रेमभंग झाला की मित्राला सांगायचा. आता रस्त्यावरच्या तीन गावांना आणि त्यातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच फेरीत कळतो. कुत्री साथही करतात. निपाणी-कोल्हापूर वडापात तर दहाच्या जागी सोळाजण बसलेले असतात, एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, तिसऱ्याची कोंबडी चौथ्याच्या मांडीवर, आणि गाणं लागलेलं असतं, या प्रवासात माझ्या सोबतीला कुणी नाही. कोंबडी तेवढी मान वळवून स्पीकरकडं बघते.

लग्नात 'नीलकमल'मधलं, 1968 सालचं, बापानं लेकीला निरोप द्यायचं रफीसाहेबांचं गाणं बँडवाले अजून वाजवतात. लेक चाललीय गणपत गल्लीतून मारुती गल्लीत. चालत गेली तर बँडचं एक कडवं पुरं होत नाही एवढं अंतर. तरी दोन्हीकडची माणसं हमसून रडतात आणि बँडवाल्याला "परत घे की बा एकदा" म्हणून नोट देतात. संध्याकाळी लेक विसरलेला चार्जर न्यायला माहेरी आलेली असते.

तेव्हा एकटेपणाच्या गाण्यांनी माणूस खचतो वगैरे जे म्हणतात, त्यांनी हा भाग पाहिलेला नाही. खरंच फार एकटं वाटायला लागलं, तर औषध सांगतो. निपाणीच्या स्टँडवर जा, बाकावर बसा आणि एखादं जुनं रडकं गाणं जरा चुकीचं गुणगुणा. चुकीचंच, कारण बरोबर म्हटलंत तर लोक नुसतेच ऐकतील. पाच मिनिटांत एकजण चाल दुरुस्त करील, दुसरा म्हणेल शब्द तसे नाहीत, तिसरा सांगेल हे मुळात कानडी गाण्यावरून उचललंय, त्यावर चौथा बाह्या सरसावेल. तुमची गाडी येईल आणि निघूनही जाईल. पुढची गाडी दीड तासानं आहे, पण वाद मिटायला तेवढा वेळ लागेलच.